डेमोतले हिटाइट आणि मातीच्या पाट्या

परवा घरातल्या जुन्या सीडींमध्ये 'एज ऑफ एम्पायर्स'चा डेमो सापडला. १९९७ चा गेम, अमेरिकेतल्या डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने बनवलेला.

विंडोज ७ वाल्या लॅपटॉपवर तो इन्स्टॉल झाला, पण रंगांचा पार बट्ट्याबोळ! गवत लाल, पाणी जांभळं. गेम फक्त २५६ रंगांवर चालतो आणि विंडोजचा डेस्कटॉप मधेच त्यातले रंग बदलतो. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद केलं, गेम पुन्हा लावला, आणि गवत हिरवं झालं.

डेमोत आपण हिटाइट लोकांचे पुढारी. लाकूड तोडा, बेरी गोळा करा, सैन्य उभं करा. खेळ रंगात येतोय तोच मोहिमा संपतात. शाळेत असताना मी तिथेच थांबलो होतो. हिटाइट म्हणजे मारामारी, एवढंच डोक्यात राहिलं.

या वेळी मात्र पुढे वाचलं. त्यांची राजधानी हत्तुशा, आजच्या तुर्कस्तानात. १९०६ पासूनच्या खोदकामात तिथे मातीच्या हजारो पाट्या मिळाल्या. त्यांत हिटाइट राजा सुप्पिलुलिउमा आणि मितन्नीचा शत्तिवाझा यांचा तह आहे, इसवीसनापूर्वी १४व्या शतकातला. मितन्नीच्या बाजूने साक्षीला इतर देवांसोबत कोण असावेत? मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य! ऋग्वेदात भेटणारी हीच नावं.

डेमो अर्धवट असतो, हे तेव्हाही माहीत होतं. त्यावरून केलेलं माझं मतही अर्धवट होतं, हे आत्ता कळलं. भेटू पुढच्या भागात!