आजोबांचं पत्र आणि भुतांची लढाई

आमच्या घरात एक गोष्ट पक्की होती. आजोबांनी आत्याला मॅट्रिकनंतर शिकू दिलं नाही. पुरावा? आजोबांनी १९६८ साली बाबांना मुंबईला पाठवलेलं अंतर्देशीय पत्र. मी चौदा वर्षांची असताना ते स्वतः वाचलं होतं. "मुलीच्या जातीला शिकून काय करायचंय" असं त्यात होतं, हे मी लग्नकार्यांत, दिवाळीच्या फराळाला किती जणांना ऐकवलंय त्याला गणतीच नाही.

गेल्या महिन्यात बाबांचे कागद आवरताना ते पत्र परत हाती आलं. त्यात ते वाक्य नाही!

काय आहे ते सांगतेच, पण त्याआधी थोडं विषयांतर. पत्र हातात धरून बसले असताना मला आठवण झाली ती बी.ए.ला पाच मार्कांच्या टीपेपुरत्या वाचलेल्या एका इंग्रज प्राध्यापकाची. फ्रेडरिक बार्टलेट, केंब्रिजचा.

त्याच्या आधी स्मृतीचा अभ्यास म्हणजे हर्मान एबिंगहाउस. या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरांच्या याद्या तयार केल्या, स्वतःच पाठ केल्या, आणि किती विसरलो ते मोजून १८८५ साली पुस्तक छापलं. एक दिवस उलटला की यादी पुन्हा पाठ करायला मूळ श्रमांच्या साधारण एक तृतीयांशच श्रम वाचतात, असा त्याचा हिशोब. अर्थ मध्ये येऊ नये म्हणून त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरं घेतली होती.

बार्टलेटचं म्हणणं नेमकं उलटं. माणूस अर्थाशिवाय वाचतच नाही, मग अर्थ काढून टाकून स्मृती कशी कळणार? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याने लोकांना गोष्टी वाचायला द्यायला सुरुवात केली. त्यातली गाजली ती 'भुतांची लढाई'. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या, कोलंबिया नदीच्या मुखाजवळ राहणाऱ्या चिनूक लोकांची ही कथा. मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआसने टिपून घेऊन १९०१ साली छापलेली.

कथा अशी. दोन तरुण नदीवर सील मारायला जातात. होडग्यांतून काही योद्धे येतात आणि लढाईला चला म्हणतात. एक जण नाही म्हणतो, दुसरा जातो. लढाईत त्याला बाण लागतो पण दुखत नाही. तेव्हा त्याला वाटतं, अरे, ही तर भुतं! घरी येऊन तो सगळं सांगतो. सूर्य उगवतो, त्याच्या तोंडातून काहीतरी काळं बाहेर येतं आणि तो मरतो.

आपल्याला वाचतानाच अडखळायला होतं ना? केंब्रिजच्या वाचकांचंही तेच झालं. दोनदा वाचून पंधरा मिनिटांनी त्यांनी कथा लिहून काढली, पुढे काही दिवसांनी, महिन्यांनी पुन्हा. एकाने तर सहा वर्षांहून जास्त काळाने लिहिली. चिनूक होडग्याची साधी बोट झाली. सीलची शिकार जाऊन मासेमारी आली. तोंडातून आलेल्या 'काळ्या काहीतरी'चा कुणी फेस केला. भुतं तर कित्येकांच्या कथेतून गायबच! आणि हे सगळं लबाडी न करता. परकी गोष्ट प्रत्येकाने आपल्या गावची करून घेतली.

१९३२ साली 'रिमेंबरिंग' या पुस्तकात बार्टलेटने हे मांडलं. मला सगळ्यात पटलं ते असं: वाचलेल्यातून आधी मनात उरतो तो एक कल, एक भावना. आठवताना आपण त्या भावनेला साजेसा तपशील रचतो. म्हणजे आठवण ही बऱ्याचदा आपल्या मताची वकिली असते.

बार्टलेटचे प्रयोग काटेकोर नव्हते, आकडेमोड फारशी नव्हती, अशी टीका पुढे झालीच. १९६७ साली गॉल्ड आणि स्टीफन्सन यांनी दाखवलं की अचूकच लिहा, पदरचं घालू नका अशी सक्त ताकीद दिली तर वाचकांच्या चुका कमी होतात. मात्र १९९९ साली बर्गमन आणि रोडिगर यांनी जास्त शिस्तीत तोच प्रयोग केला, तेव्हाही काळ जाईल तशी कथा बदलत गेलेली दिसली.

आता पत्र. आजोबांनी लिहिलंय की मुलीला मार्क चांगले पडलेत, तिला पुढे शिकायचंय, पण यंदा बैल गेला, हाती पैसा नाही. "तू तिकडून दरमहा काही पाठवू शकलास तर तिला तालुक्याला ठेवतो. कळव." बस्स.

बाबांचं उत्तर आमच्याकडे नाही. आत्या तालुक्याला गेली नाही, एवढंच माहीत आहे.

चौदाव्या वर्षी माझ्याकडे एक तयार साचा होता: जुन्या वळणाचा म्हातारा आणि शिकू न शकलेली मुलगी. पत्र मी त्यात बसवलं. बैल गळाला, पैसे गळाले, आणि बाबा तर पत्रातून अलगद निघूनच गेले. बाबा माझे लाडके होते. आजोबांना मी फक्त फोटोत पाहिलंय.

आत्याला फोन केला. "मला ठाऊक होतं गं," ती म्हणाली. "दादाचीही नवी नोकरी, खोलीत चार जण. त्याला तरी काय म्हणायचं?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू इतक्या ठसक्यात सांगायचीस, मध्ये कोण बोलणार!"

सक्त ताकीद मला कुणी दिली नव्हती, आणि मी स्वतःलाही दिली नव्हती. पत्र वीस पावलांवरच्या कपाटात होतं, पण आठवतंय म्हटल्यावर कोण उठून बघतो?

तेव्हा नात्यातले जे हे वाचतायत त्यांनी कृपया नोंद घ्यावी. ती गोष्ट चूक होती. पत्र जसंच्या तसं टाईप करून सगळ्यांना पाठवते आहे. माझ्या आठवणीवर विसंबू नका, स्वतः वाचा.