ध्वनिमुद्रिकांचा कालानुक्रम : इतिहासाचे एक उपेक्षित साधन

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. पुढे बालगंधर्वांची नाट्यपदेही तबकड्यांवर आली. लाखेच्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असल्याने रंगभूमीवर खुलणारे पद त्या मर्यादेत बसवावे लागे. त्यामुळे तबकडी ही प्रयोगाची प्रतिकृती नसून स्वतंत्र साधन ठरते.

कॅसेट व सीडीवरील पुनर्प्रकाशनांत मात्र अनेकदा लोकप्रियतेनुसार निवड होऊन मुद्रणवर्ष गाळले जाते. परिणामी उमेदीतला व उतारवयातला आवाज यांतील भेद लोपतो. मूळ तबकडीवर कोरलेला मुद्रणक्रमांक कंपनीच्या नोंदींशी ताडल्यास हा क्रम पुन्हा जुळवता येतो. मायकेल किनिअर यांची १९९४ मधील सूची आणि मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’चे कार्य या दृष्टीने मोलाचे आहे.

१९४८ पर्यंत निजामी राजवटीत असलेल्या परभणी परिसराची श्रवणाभिरुची अभ्यासताना जुन्या घरांतील तबकड्या उपयुक्त ठरतील. त्या भंगारात जाण्यापूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालयांनी त्यांचे क्रमांक तरी नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे.