वैमानिक आणि त्याचा जमिनीवरचा सोबती



एकेरी लोहमार्गाच्या काळात स्टेशनमास्तराने टोकनचा गोळा हाती दिल्याशिवाय आपल्याकडे ड्रायव्हर गाडी हलवीत नसे. गोळा आला म्हणजे पुढच्या स्टेशनापर्यंतचा मार्ग मोकळा आहे असे समजायचे. ड्रायव्हर कितीही जुनाजाणता असो, गाडीला कितीही उशीर झालेला असो, गोळ्यावाचून चाक फिरायचे नाही. गाडी चालविणारा एक आणि ती सोडणारा दुसरा, अशी ही कामाची वाटणी होती. आता आकाशात ना रूळ, ना स्टेशने. मग तेथे विमान सोडतो कोण? आणि एकदा सुटलेल्या विमानाची काळजी वाहतो कोण?

पुष्कळांना वाटते की हे काम विमानतळावरच्या उंच मनोऱ्यात बसलेल्या माणसाचे. ते अर्धेच खरे आहे. मनोऱ्यातला नियंत्रक म्हणजे आकाशातला रहदारी पोलीस. दोन विमाने एकमेकांवर येऊ नयेत, कोणी आधी उतरावे, हे तो पाहतो. पण या विमानात तेल किती भरायचे, वाटेत वादळ आहे काय, मुक्कामाच्या गावी धुके पडले तर दुसरीकडे कोठे उतरायचे, हा विचार करणारा माणूस निराळा असतो. तो विमान कंपनीचा असतो. त्याला डिस्पॅचर म्हणतात. प्रवाशांना तो कधी दिसत नाही. हा माणूस निर्माण कसा झाला आणि त्याच्या शब्दाला वजन कसे आले, ती हकिगत आज पाहू. ती मुख्यतः अमेरिकेत घडली, कारण लांब पल्ल्याची हवाई टपालवाहतूक तेथे फार लवकर सुरू झाली.

गोष्ट 1919 सालची. अमेरिकेचे टपालखाते उघड्या, एका इंजिनाच्या विमानांतून पत्रे नेत असे. विमानात रेडिओ नव्हता. धुक्यात क्षितिज दिसेनासे झाले की आपण सरळ चाललो आहोत की तिरके, हेही वैमानिकाला उमगत नसे. या कामाची सूत्रे ऑटो प्रेगर नावाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती होती. टपाल वेळेवर गेलेच पाहिजे, हा त्यांचा बाणा. ते बसत वॉशिंग्टनच्या कचेरीत आणि हुकूम सुटत तारेने. त्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कजवळच्या मैदानावर दाट धुके पडले असताना लिऑन स्मिथ आणि हॅमिल्टन ली या दोन वैमानिकांनी उड्डाण करण्याचे नाकारले. दोघांनाही कामावरून काढण्यात आले. ते पाहून बाकीच्या वैमानिकांनी संप पुकारला.

संप थोडेच दिवस चालला, पण त्यातून निघालेला तोडगा ऐकण्यासारखा आहे. हवामान उडण्याजोगे आहे की नाही, हे त्या त्या मैदानावरच्या व्यवस्थापकाने ठरवावे. आणि वैमानिकाला ते पटले नाही तर व्यवस्थापकाने स्वतः विमानात बसून वर जाऊन पाहावे, असे ठरले! हुकूम सोडणाऱ्याने धोक्यात वाटेकरी व्हावे, हे तत्त्व त्यात आले. पुढच्या सगळ्या कायद्याचे बीज येथे आहे.

दुसरी अडचण निरोपाची. 20 ऑगस्ट 1920 रोजी टपालखात्याने आपल्या मैदानांवर बिनतारी यंत्रे बसविण्याचा हुकूम काढला. त्यामुळे पुढच्या गावी पाऊस आहे की ऊन, हे मागच्या गावाला कळू लागले. पण हे बोलणे जमिनीचे जमिनीशी होते. वैमानिक निघण्यापूर्वी हवामानाचा कागद वाचून घेई. चाके जमिनीवरून उचलली की त्याचा आणि जगाचा संबंध तुटे.

22 फेब्रुवारी 1921 च्या रात्री याची परीक्षा झाली. टपाल रात्रीही नेता येते, हे त्या दिवशी सिद्ध करावयाचे होते. जॅक नाइट नावाचा वैमानिक नॉर्थ प्लॅट गावाहून ओमाहास आला. तेथून पुढे दुसऱ्याने जायचे, पण तो दुसरा वैमानिक आलाच नव्हता. नाइट त्या पुढच्या वाटेने पूर्वी कधी उडालेला नव्हता. तरी तो निघाला. वाटेवर ठिकठिकाणी टपालखात्याच्या माणसांनी आणि शेतकऱ्यांनी शेकोट्या पेटवून ठेवल्या होत्या. त्या ज्वाळा हीच त्याची दिशा. पुढे आयोवा सिटीच्या मैदानावरचे लोक, उड्डाण रद्द झाले असे समजून घरी निघून गेले होते. राहिला होता एकटा रात्रीचा पहारेकरी. वर इंजिनाचा आवाज ऐकून त्याने मशाल पेटविली, आणि नाइट खाली उतरू शकला. सकाळी तो टपाल घेऊन शिकागोला पोहोचला. वर्तमानपत्रांनी नाइटचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण पहारेकरी जागा नसता तर? येणाऱ्याची खबर थांबणाऱ्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. केवळ एका माणसाच्या कानावर त्या रात्रीची मदार राहिली.

आपल्याकडेही आरंभ असाच झाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर विमान उतरविले. त्या पस मॉथ विमानातही रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूची जमीन चिखलमय होई, म्हणून विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. सारी भिस्त वैमानिकाच्या डोळ्यांवर.

तोवर अमेरिकेतल्या विमानांत तोंडाने बोलण्याचे रेडिओ बसू लागले होते. प्रत्येक कंपनीला स्वतंत्र लहरी देणे सरकारला शक्य नव्हते. म्हणून 1929 साली कंपन्यांनी मिळून एरोनॉटिकल रेडिओ इनकॉर्पोरेटेड, म्हणजेच एरिंक, ही सामाईक संस्था काढली. आता कंपनीच्या कचेरीतला माणूस उडत्या विमानाशी बोलू शकत होता. यंत्र आले, सोय झाली. पण ते यंत्र बंद पडले तर काय करायचे? आणि बोलायचे ते कोणी, केव्हा, कोणत्या अधिकाराने? हे ठरायला एक अपघात घडावा लागला.

6 मे 1935 च्या पहाटे टी. डब्ल्यू. ए. कंपनीचे एक विमान मिसूरी राज्यात अटलांटा नावाच्या लहान गावाजवळ कोसळले. ते लॉस एंजेलिसहून पूर्वेकडे निघाले होते. विमानातल्या 13 जणांपैकी 5 दगावले. त्यांत न्यू मेक्सिको राज्याचे सिनेटर ब्रॉन्सन कटिंग होते, त्यामुळे साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले.

सरकारी चौकशीत काय निघाले? त्या विमानाचा रेडिओ रात्रीच्या लहरीवर नीट चालत नव्हता आणि हे ठाऊक असूनही कंपनीने ते अल्बुकर्कीहून पुढे सोडले. जमिनीशी बोलणे होत नाही असे कळल्यावर वैमानिकाने परत फिरावे किंवा वाटेत उतरावे, तेही झाले नाही. हवामानखात्याला बिघडत्या हवेचा अंदाज वेळेवर देता आला नाही. कॅन्सस सिटीवर ढग खाली खाली येत होते. विमानात पुरेसे तेल होते तोवरच त्याला चांगल्या हवेच्या गावाकडे वळवायला हवे होते. पण जमिनीवरच्या माणसांनी तो निर्णय तातडीने घेतला नाही. पुढे सिनेटच्या समितीने उलट सरकारच्या विमानखात्यालाच दोष दिला. दोषाची टोपी या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत राहिली. सांगायचे कोणी हे मुळात ठरलेले नसले, म्हणजे न सांगितल्याचा जाब तरी कोणाला विचारणार?

या वादळातून 1938 चा नागरी विमान कायदा आला. त्याने डिस्पॅचरला सरकारी परवाना आवश्यक केला. वैमानिकाप्रमाणे त्यालाही परीक्षा द्यावी लागू लागली. अमेरिकेच्या नियमित प्रवासी विमानसेवेचा आजचा नियम असा आहे: उड्डाणाच्या कागदावर वैमानिक आणि डिस्पॅचर या दोघांची सही लागते. उड्डाण सुखरूप होईल अशी दोघांचीही खात्री असली पाहिजे. दोघांपैकी एकाने नाही म्हटले तर विमान जागचे हलत नाही. सुटल्यावरही डिस्पॅचरची सुटका नाही. हवा बदलली तर ते वैमानिकाला कळविणे हे त्याचे कर्तव्य आहे. त्यासाठी कंपनीचा विमानाशी बोलण्याचा स्वतःचा, सरकारी यंत्रणेहून वेगळा मार्ग असावा लागतो. आणि ऐन संकटात मात्र विमानातला शब्द वैमानिकाचाच.

पाहा, 1919 साली कचेरीतून हुकूम सुटे आणि उडणारा जीव दुसऱ्याचा असे. या कायद्याने कचेरीतल्या माणसालाही जबाबदारीत बसविले, आणि त्याबरोबर नाही म्हणण्याचा अधिकारही दिला. पगार कंपनीचा, तोटा कंपनीचा, तरीही कंपनीचे विमान थांबविण्याची मुभा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

पुढे यंत्रे सुधारत गेली. 1978 पासून एरिंकने छापील निरोपांची पद्धत सुरू केली. बोलल्यावाचूनच हवामान, तेल, वेळ यांची माहिती अक्षरांत वर जाऊ लागली आणि खाली येऊ लागली. मग आता सारे प्रश्न सुटले, असे म्हणावे काय?

25 जानेवारी 1990 ची रात्र याचे उत्तर देते. कोलंबिया देशाच्या एव्हियांका कंपनीचे बोइंग 707 विमान न्यूयॉर्कला येत होते. हवा वाईट, विमानांची दाटी. या विमानाला आकाशात तीनदा घिरट्या घालत थांबावे लागले. त्यात 1 तास 17 मिनिटे गेली. तेल संपत आले. सहवैमानिकाने तेल कमी आहे, आधी उतरू द्या, असे नियंत्रकांना सांगितले. पण आणीबाणी हा ठरलेला शब्द काही उच्चारला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या प्रयत्नापूर्वीच इंजिने बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरच्या टेकडीवर आदळले. 158 जणांपैकी 73 मृत्यू पावले.

चौकशी मंडळाने मुख्य कारण दिले ते हेच, की वैमानिकांनी तेल पाहिले नाही आणि संपण्याआधी आणीबाणी कळविली नाही. पण त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट नोंदली आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. डिस्पॅचरच्या व्यवस्थेची मदत त्यांनी घेतलीच नाही. घिरट्या चालू असताना, हाताशी वेळ असताना, न्यूयॉर्कची हवा कशी आहे, तेल किती वेळ पुरेल, दुसरीकडे वळावे काय, हे विचारण्यासाठी जमिनीवर माणसे होती. ती विचारल्यावाचून राहिली.

शिक्षक बंधुभगिनींनी या दोन अपघातांचा धडा मुलांपुढे एकत्र ठेवावा असा आहे. 1935 साली बोलायचे यंत्र बिघडले होते. 1990 साली यंत्र चांगले होते, कायदा होता, माणूसही होता. अडला तो शब्द. नियंत्रकांनी ज्याला तेल कमी असल्याची साधी खबर मानले, ती वैमानिकांच्या मनात जीव वाचविण्याची हाक होती. म्हणून या धंद्यात मोजके, ठरीव शब्दच वापरायचे असतात. ऐकलेला निरोप उलट म्हणून दाखवावा लागतो. आडपडद्याचे, भिडेचे बोलणे तेथे चालत नाही. वर्गात गुरुजींनी सांगितलेला आकडा मुलाने परत म्हणून दाखवावा, तसेच हे आहे.

आज प्रत्येक मोठ्या विमान कंपनीच्या दालनात रात्रंदिवस अशी माणसे बसलेली असतात. एकेकाच्या नजरेखाली अनेक विमाने. त्यांच्यापुढे नकाशे, ढगांची चित्रे, तेलाचे हिशेब. काम साधे दिसते. पण धुक्यात उडायला नकार देणाऱ्या त्या दोन वैमानिकांपासून हा अधिकार कमवायला एकोणीस वर्षे लागली, आणि त्यासाठी माणसे गेली. तो अधिकार तेल उरले आहे तोवर वापरायचा असतो. टाकी रिकामी झाल्यावर जमिनीवरच्या सोबत्याच्या हाती काही राहत नाही.