परसबाग आणि दुष्काळ

१९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला आणि तेथील तांदूळ हिंदुस्थानास मिळेनासा झाला. तेव्हां सरकारनें ‘अधिक धान्य पिकवा’ अशी हांक दिली. १९६५ च्या टंचाईंत तर पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनीं आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर चालविला. नाशिकच्या इंदिरानगरांत आज आम्ही कुंपणालगत दोडका, अळूं, मेथी लावतों, तें याच परंपरेस धरून. परंतु एवढ्याशा जागेंत भाजी होते, वर्षाचें धान्य नव्हे. शिवाय १९४३ सालीं बंगालमध्यें जे लक्षावधि लोक मेले, त्यांत भूमिहीन मजूर व कोळी फार होते. ज्याला परसच नाहीं, त्यानें काय पेरावें? म्हणून परसबाग अवश्य करावी. मात्र दुष्काळांत गरिबाला तारतें तें रेशनचें दुकान, हें विसरूं नये.