सपाट पृष्ठाची कुळकथा

संगणकाच्या प्रोसेसरवर हीटसिंक ठेवला आणि स्क्रू आवळले, म्हणजे दोन धातू एकमेकांस पुरते भिडले असें डोळ्यांना वाटतें. वस्तुतः दोहोंच्या पृष्ठांवर बारीक डोंगर आणि दऱ्या असतात. शिखरें तेवढीं शिखरांना टेकतात. दऱ्यांत हवा कोंडून राहते. तांबें जितकी उष्णता वाहून नेतें, तिच्या सुमारें १५,००० व्या हिश्शाइतकीच हवा नेते. ह्या दऱ्या बुजविण्यासाठीं मध्यें उष्णतावाहक लेप लावतात. तो हवेहून शेंकडों पटींनीं सरस खरा. तांब्यापुढें मात्र फिकाच. तेव्हां लेपाचा थर जितका पातळ, तितकें बरें, आणि तो पातळ राहावा म्हणून दोन्ही पृष्ठें घांसून सपाट करण्याचा खटाटोप हौशी मंडळी करीत आली आहेत.

हा खटाटोप त्यांच्या फार पूर्वींचा आहे. लंडनजवळील लॅम्बेथ येथें हेन्री मॉड्स्ले याचा कारखाना होता. तेथें कामगारांच्या हाताशीं सरफेस प्लेटी ठेवलेल्या असत. केलेलें काम त्यांवर टेकवून पारखावयाचें, असा शिरस्ता होता. १८२५ सालीं जोसेफ व्हिटवर्थ हा तरुण कारागीर तेथें दाखल झाला. प्लेटीवर काम पारखावयाचें हें ठीक. पण खुद्द प्लेट कशावर पारखावयाची? ह्या प्रश्नानें त्याची पाठ सोडली नाहीं.

दोन प्लेटी एकमेकींवर बिनचूक बसल्या तर त्या सपाट मानाव्यात काय? श्रोत्यांनीं घरांतील दोन वाट्या आठवाव्यात. एकींत एक त्या छान बसतात. म्हणून कोणी त्यांना सपाट म्हणत नाहीं. एकीचा फुगवटा दुसरीच्या खोलगट भागांत मावतो, इतकेंच. तोड निघते ती तिसरी प्लेट घेतल्यानें. पहिली फुगीर व दुसरी खोलगट असेल, तर दुसरीवर बसणारी तिसरीही फुगीरच असणार. मग पहिली व तिसरी समोरासमोर येतांच त्यांचें भांडण उघडें पडतें. तिन्ही एकमेकींवर आळीपाळीनें बसल्या, तरच त्या खऱ्या सपाट.

१८४० सालीं ग्लासगो येथें ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनांत व्हिटवर्थनें ह्या विषयावर निबंध वाचला. प्लेटींमध्यें कुरुंदाच्या जातीची पूड घालून त्या एकमेकींवर घांसण्याची तोंवरची रीत त्यानें सदोष ठरविली. (इंग्रजींतील ‘कोरंडम’ हा शब्द भारतांतूनच, तमिळ ‘कुरुंदम्’वरून गेलेला आहे.) पूड सर्वत्र सारखी पसरत नाहीं, कोठें अधिक खाते, कोठें कमी, आणि चूक कोठें होते आहे तें कारागिराला कळत नाहीं. त्याऐवजीं एका प्लेटीवर रंगाचा पातळ हात द्यावा, दुसरी तिच्यावर टेकवावी, आणि जेथें रंग उमटेल तेवढाच उंचवटा हत्यारानें खरवडून काढावा, असें त्यानें सांगितलें. काम चिकाटीचें, पण प्रत्येक खरवडा विचारपूर्वक.

घांसण्याचा मात्र एवढ्यानें निकाल लागला नाहीं. स्वीडनमधील एस्किल्स्टुना येथील बंदुकांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कार्ल एड्व्हर्ड योहान्सननें १८९६ सालीं मापाच्या पोलादी ठोकळ्यांची कल्पना काढली. १०२ ठोकळ्यांच्या जोडण्यांतून २०,००० निरनिराळीं मापें तयार व्हावयाचीं होतीं. ठोकळे घांसण्यासाठीं त्यानें बायकोचें शिवणयंत्रच बदलून घेतलें! ते इतके सपाट झाले कीं, एकावर एक सरकवून दाबले म्हणजे चिकटून बसत. घांसण्यांत मूळचा दोष नव्हता. दोष होता तो बेहिशेबी घांसण्यांत.

संगणकाचे हौशी पुनः घांसण्याकडेच वळले. २००० सालीं आलेल्या पेंटियम ४ प्रोसेसरवर निकेलचा मुलामा दिलेलें तांब्याचें झांकण होतें. असें झांकण जाड कांचेवर चिकटविलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर, ४०० नंबरापासून २००० पर्यंत चढत जाऊन, घांसावयाचें. हात किंचित् डुलला कीं कडा अधिक झिजतात आणि पृष्ठ फुगीर होतें. पण एक गोष्ट ह्या घांसणाऱ्यांच्या पथ्यावर पडते. उंच भागावरचें निकेल आधीं जातें आणि लालसर तांबें दिसूं लागतें. कडांना तांबें व मध्यें पांढरें बेट उरलें, तर मध्यभाग खोलगट आहे हें उघड होतें. व्हिटवर्थच्या रंगाचें काम येथें निकेलच करतें.

लाभ काय? पृष्ठ मुळांत वांकडें असेल तर तपमान कांहीं अंशांनीं उतरतें. मुळांत नीट असेल तर जवळजवळ कांहींच नाहीं. किंमत मात्र ठरलेली: झांकणावर कोरलेलें नांव व क्रमांक पुसले जातात आणि हमी संपते. शिवाय २०२१ सालीं आलेल्या इंटेलच्या बाराव्या पिढीच्या लांबट प्रोसेसरांनीं नवाच पेंच घातला. सॉकेटची पकड त्यांना दोन्ही बाजूंनीं मध्यावर दाबते व झांकण वांकतें. कांचेवर सपाट केलेलें पृष्ठ जागेवर बसतांच वांकडें! पुष्कळांनीं घांसणें सोडून ती पकडच काढली आणि चौफेर सारखें दाबणारी चौकट बसविली.

घांसून झाल्यावर पृष्ठांत आपला चेहरा दिसूं लागला म्हणजे नवखा माणूस खूष होतो. पण फुगीर पृष्ठही आरशासारखें चकाकतें. म्हणून जाणते लोक पोलादी पट्टीची धार त्यावर टेकवितात, पाठीमागें दिवा धरतात, आणि धारेखालून उजेडाची रेघ कोठें डोकावते तें पाहतात.