गाजर गवताचं पुरळ आणि अंगातले राखणदार

भाताच्या बांधावर, बोईसर-तारापूरच्या रस्त्याकडेला वाढणारं पांढऱ्या फुलांचं गाजर गवत आपण सगळ्या ओळखतो. हे आपल्या मातीतलं नव्हे, अमेरिका खंडातलं. १९५५-५६च्या सुमारास ते पुण्यात नजरेत आलं आणि बघता बघता देशभर पसरलं. त्याच्यामागोमाग शेतात राबणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या खळग्यात खाजरं, चिघळणारं पुरळ उठू लागलं. पुण्याच्या डॉ. लोणकरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर १९७४ साली त्याबद्दल शास्त्रीय निबंध लिहिला.

या गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. पहिल्यांदा हात लागला तर काहीच होत नाही. पण अंगातले राखणदार, म्हणजे पांढऱ्या पेशी, त्याची ओळख धरून ठेवतात. पुढे पुन्हा संबंध आला की त्या चाल करून येतात, मात्र जमायला दोनेक दिवस घेतात. म्हणून सोमवारी निंदणी केली तर पुरळ बुधवारी उठतं, आणि बोल लागतो मंगळवारी खाल्लेल्या वांग्याला! टिकलीच्या गोंदाने कपाळ खाजतं, खोट्या कानातल्यांनी पाळी चिघळते, तेही असंच.

राखणदारच घराची नासधूस करतात, असे चार प्रकार गेल आणि कूम्ब्स या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९६३ साली मांडले. वरचा चौथा.

पहिला सगळ्यात घाईचा. फ्रान्सच्या रिशे आणि पोर्तिए यांनी १९०२ साली कुत्र्यांना समुद्री जीवाचं विष टोचलं. दुसऱ्या खेपेला अगदी थोडं दिलं, तरी कुत्रा काही मिनिटांत मेला. आपल्याकडे गांधीलमाशी, कोळंबी, एखादं औषध यांनी कुणाकुणाला असं होतं. ओठ सुजले, श्वास कोंडला, की घरगुती उपाय करत बसायचं नाही. दवाखान्यात ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं.

दुसरा रक्ताचा. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक दुर्मिळ रक्तगट शोधला. साध्या तपासणीत तो ओ वाटतो, पण त्या माणसाला ओ रक्त दिलं तर त्याचं शरीर ते फोडून टाकतं. जगभर त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात.

तिसरा आपल्याला पावसाळ्यात भेटतो. सापाच्या विषावरची लस घोड्याच्या रक्तापासून बनते. ती जीव वाचवते, घ्यायलाच हवी. पण घोड्याचं ते परकं द्रव्य आणि आपल्या शरीराने त्याविरुद्ध बनवलेली द्रव्यं यांच्या गाठी सांध्यांत, रक्तवाहिन्यांत अडकतात. व्हिएन्नातल्या पिर्के आणि शिक या डॉक्टरांनी १९०५ साली घटसर्पाची घोड्याची लस घेतलेल्या मुलांवरून हे लिहून ठेवलं. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप येतो, सांधे दुखतात, अंगावर गांधी उठतात. मग घरचे म्हणतात, विष उतरलंच नव्हतं. तेव्हा भगताकडे नाही, केसपेपर घेऊन त्याच दवाखान्यात परत जायचं.