एकच ड्रेसिंग रूम, इतके मास्तर

मंडळी, आमच्या प्रोजेक्टवर एक अमेरिकन सहकारी आहे, अलाबामाचा. सोमवारच्या कॉलला पहिली दहा मिनिटं बिल्ड का फुटला यावर जात नाहीत, कॉलेज फुटबॉलवर जातात. त्यांच्याकडे एक वाद कधीच मिटत नाही. अलाबामा युनिव्हर्सिटीचा थोर कोच कोण, बेअर ब्रायंट की निक सेबन? ब्रायंट १९५८ ते १९८२, सेबन २००७ ते २०२३. दोघांनीही अलाबामाला सहा-सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. म्हणजे आकडा सारखा, आणि म्हणूनच भांडायला मजा.

आपल्याकडे कॉलेजच्या कोचला कोण विचारतो? पण असा वाद घालायला एक जागा आहे, मुंबईची रणजी टीम. मी उल्हासनगरचा. स्टेशनपासून व्हीटी साठेक किलोमीटर, वानखेडेला जाऊन मॅच बघायची म्हणजे सकाळी किट-बॅगवाल्या पोरांच्या धक्क्यांत उभं राहून दीड-दोन तास. तरी टीम आपलीच. तेव्हा आजचा विषय मुंबईचे हेड कोच. (क्रिकेटरला अहो-जाहो करायची सवय आपल्याला नाही, म्हणून सगळ्यांना 'तो'च म्हणणार आहे. अपवाद फक्त आचरेकर सर.)

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वेळा रणजी जिंकली, आणि तेव्हा आजच्या अर्थाने 'हेड कोच' नावाची खुर्चीच नव्हती. कॅप्टन, सीनियर लोक आणि मैदानावरची बोलणी, एवढ्यावर काम भागायचं. म्हणजे कोच आला तोच मुळी अशा घरात, जिथे जिंकणं ही बातमी नसते. हरणं ही बातमी असते. आमच्या भाषेत सांगायचं तर हा मेंटेनन्स प्रोजेक्ट. सिस्टिम चालली तर शाबासकी कोणाला नाही, बंद पडली तर फोन तुम्हाला!

दुसरी गंमत म्हणजे यातले बरेच कोच एकाच झाडाची फळं आहेत. चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, समीर दिघे, रमेश पोवार, अमोल मुजुमदार हे सगळे शिवाजी पार्कात रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखालून गेलेले. सर स्वतः फर्स्ट क्लास क्रिकेटची एकच मॅच खेळले होते. 'मोठा खेळाडू नसेल तर तो काय शिकवणार' असं म्हणणाऱ्यांनी हे जरा बाजूला लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

तर पंडित. पहिली खेप: २००२-०३ आणि २००३-०४, दोन्ही वर्षी रणजी मुंबईची, दोन्ही फायनल तामिळनाडूविरुद्ध. दुसरी खेप: २०१५-१६ मध्ये पुण्याला सौराष्ट्रला डावाने हरवून ४१ वं विजेतेपद. श्रेयस अय्यरने त्या मोसमात १३२१ धावा केल्या होत्या. पुढच्या वर्षी पुन्हा फायनल, या वेळी इंदूरला गुजरातविरुद्ध. पार्थिव पटेलने १४३ मारल्या, गुजरातने ३१२ चा पाठलाग केला आणि मुंबई हरली. त्या उन्हाळ्यात मुंबईने समीर दिघेला कोच केलं.

म्हणजे बघा, दोन वर्षांत एक विजेतेपद, एक उपविजेतेपद. कुठल्याही दुसऱ्या राज्यात अशा माणसाची मिरवणूक निघाली असती.

पंडित गेला विदर्भात. पुढचं सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगतो कारण सांगायला बरं वाटतं. २०१७-१८ मध्ये विदर्भाने इतिहासात पहिल्यांदा रणजी जिंकली. फायनल पुन्हा इंदूरला, समोर दिल्ली, रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, आणि विजयी फटका वसीम जाफरचा, जो मुंबईचा माजी कॅप्टन! पुढच्या वर्षी विदर्भाने पुन्हा जिंकली, आणि त्या मोसमात नागपूरला मुंबईला डावाने हरवलं. मग पंडित मध्य प्रदेशात. जून २०२२, बंगलोरचं चिन्नास्वामी, फायनलला समोर कोण? मुंबई. सर्फराझने १३४ केल्या, मुंबई ३७४. मध्य प्रदेशने ५३६ करून सामना तिथेच खिशात घातला आणि सहा विकेट्सनी जिंकला. याच मैदानावर १९९८-९९ च्या फायनलला पंडित मध्य प्रदेशचा कॅप्टन होता आणि पहिल्या डावात आघाडी घेऊनही कर्नाटककडून हरला होता. तेवीस वर्षांनी तो त्याच मैदानावर रडला. मीही टीव्हीसमोर जरा गप्पच झालो होतो, आणि मी तर हरलेल्या बाजूचा.

आता यावरून लोक पटकन म्हणतात, पंडित सगळ्यांत मोठा, विषय संपला. डोमेस्टिक कोच म्हणून मोठा आहेच, त्यात वादच नाही. पण आपला प्रश्न तो नाही. 'मुंबईचा' सगळ्यांत चांगला कोच कोण? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि आपण ते सारखे एकमेकांत मिसळतो. विदर्भ आणि मध्य प्रदेश हे कोऱ्या पाटीचे प्रोजेक्ट होते. तिथे पंडितची कडक शिस्त, वेळेचा धाक, 'मी सांगतो तसं' हा खाक्या चालतो, कारण आधीची पद्धत मोडायची म्हटलं तर जपण्यासारखं फार कोणी छातीशी धरून बसलेलं नसतं. मुंबईत प्रत्येक पोराला चार मास्तर असतात. शाळेतला, क्लबातला, ऑफिस टीममधला, आणि घरी वडील. पाचवा मास्तर येऊन डोकं किती फिरवणार?

म्हणून माझं मत प्रवीण आमरेला. थांबा, दगड मारू नका, कारण सांगतो.

आमरेच्या हातात टीम होती २००६-०७ च्या सुमाराला. त्या मोसमाची सुरुवात पराभवांनी झाली. मुंबई खाली जाते की काय अशी चर्चा. कॅप्टन कोण? अमोल मुजुमदार. दोघंही आचरेकर सरांचे, दोघांनाही एकच पाढे पाठ. तिथून टीम उठली आणि सेमीफायनलला बडोद्याला पोचली. दुसऱ्या डावात मुंबईचा स्कोअर होता शून्यावर पाच. परत वाचा. पाच विकेट्स गेल्या आणि फलकावर एकही धाव नाही. ती मॅच मुंबई जिंकली! नंतर वानखेडेवर फायनलला बंगालला हरवलं, त्यात सचिनचं शतक आणि झहीरच्या विकेट्स. लोकांना फायनलमधले तारे आठवतात. कोचचं काम मला दिसतं ते शून्यावर पाचच्या ड्रेसिंग रूममध्ये. तिथे कोणी काय बोललं असेल, ते ऐकायला मी महिन्याचा पगार देईन.

त्यानंतर २००८-०९ ला हैदराबादमध्ये उत्तर प्रदेशला हरवून आणि २००९-१० ला म्हैसूरला कर्नाटकला हरवून आणखी दोन. म्हैसूरची फायनल सहा धावांनी. कर्नाटकपुढे ३३८, मनीष पांडेचं शतक, आणि सगळे बाद ३३१. चार मोसमांत तीन रणजी, आणि कॅप्टन बदलूनही, कारण शेवटच्या दोन वेळा कॅप्टन जाफर होता. पडत्या टीमला उचलणं आणि जिंकत्या टीमला न बिघडवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. (मॅनेजर लोकांना विचारा.) आमरेने दोन्ही केलं, तेही मुंबईत राहून.

मध्ये सुलक्षण कुलकर्णी, २०१२-१३, अजित आगरकर कॅप्टन, वानखेडेवर सौराष्ट्रचा डावाने पराभव, चाळिसावं विजेतेपद. पुढे चला.

खरा वाचण्यासारखा भाग पंडित गेल्यानंतरचा. २०१७ ते २०२१ या चार वर्षांत मुंबईने पाच कोच बघितले. दिघेच्या वर्षी क्वार्टर फायनलला कर्नाटककडून डावाने हार. मग विनायक सामंत. त्याने विजय हजारे जिंकून दिली, पण रणजीत दोन्ही वर्षी टीम साखळीतच बाहेर. मग २०२१ च्या सुरुवातीला टी-ट्वेंटीसाठी अमित पागनीस, टीम गटात तळाला. लगेच रमेश पोवार, आणि काही आठवड्यांत विजय हजारे मुंबईची, पृथ्वी शॉच्या आठशेवर धावा. पोवार गेला भारताच्या महिला टीमकडे, आणि मुंबईत आला मुजुमदार.

आता सांगा, यात तुलना कशी करणार? पागनीस वाईट आणि पोवार थोर? महिन्याभरात? पोरं बहुतेक तीच, शॉ त्या महिन्यात सुसाट होता आणि आधीच्या महिन्यात नव्हता. आमच्याकडे रिलीजच्या आदल्या आठवड्यात लीड बदलतात तसलाच प्रकार. यश आलं तर नवा भारी, नाही आलं तर जुन्याने घाण केली होती. शिवाय मुंबईची टीम चांगली झाली की तिचे चार लोक इंडिया उचलून नेते. विदर्भाच्या कोचला हा त्रास तेव्हा फारसा नव्हता. त्यामुळे नुसत्या ट्रॉफ्या मोजल्या तर पोवार, सामंत, पागनीस यांच्यावर उगीच शिक्के बसतात. कोणाच्या हातात काय आलं, किती दिवस राहिलं आणि तो गेल्यावर मागे काय उरलं, हे बघायला पाहिजे.

मुजुमदारच्या बाबतीत हे फार जाणवतं. बिचाऱ्याचं सगळं आयुष्यच 'पुढचा नंबर तुझा' असं. १९८८ मध्ये शारदाश्रमकडून सचिन-कांबळीची ६६४ ची भागीदारी चालू असताना पॅड बांधून बसलेला मुलगा तो. रणजी पदार्पणात २६०, फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर धावा, आणि भारताची कॅप कधीच नाही. कोच म्हणून दोन मोसम मिळाले. पहिल्यात उत्तराखंडला ७२५ धावांनी हरवलं, जो फर्स्ट क्लासमधला धावांच्या फरकाचा जागतिक विक्रम झाला, आणि मग फायनलला पंडित समोर आला. दुसऱ्यात सय्यद मुश्ताक अली मुंबईने पहिल्यांदा जिंकली, पण रणजीत महाराष्ट्राविरुद्ध पहिल्या डावात दोघांच्याही बरोब्बर ३८४ धावा, टाय! कोणालाच आघाडी नाही, आणि मुंबई बाद फेरीच्या बाहेर. एक धाव जास्त झाली असती तर आज आपण वेगळं बोललो असतो की काय?

२०२३ मध्ये ओंकार साळवी आला. वरच्या पातळीवर स्वतः जेमतेम खेळलेला. भारताकडून खेळला तो त्याचा भाऊ आविष्कार. (मघाशी आचरेकर सरांबद्दल लिहून ठेवायला सांगितलं होतं, ते आता काढा.) पहिल्याच मोसमात ४२ वी रणजी, मार्च २०२४, वानखेडे, विदर्भाविरुद्ध १६९ धावांनी. मुशीरचं शतक आणि शेवटची विकेट धवल कुलकर्णीची, त्याच्या शेवटच्या मॅचमध्ये. पण त्या मोसमातली माझी मॅच बडोद्याविरुद्धची क्वार्टर फायनल. दहा आणि अकरा नंबरवर आलेले तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे, दोघांनीही शतकं ठोकली, शेवटच्या विकेटला २३२! तुषार आमच्या शेजारचा, कल्याणचा. शाळकरी वयात शिवाजी पार्क जिमखान्यात निवडीला गेला तेव्हा बॅट्समनची रांग लांब होती म्हणून बोलर्सच्या रांगेत उभा राहिला, अशी त्याची गोष्ट आहे. घरी जायची लोकल गाठायची होती. त्या बोलर्सकडे बघायला तिथे पॅडी शिवलकर उभे होते. या पोराला घडवणारा मास्तर कोण म्हणायचं मग, २०२४ चा की २००७ चा? आमच्या कर्जत लाइनवर याचं उत्तर शिवलकर असंच मिळेल.

साळवीला टीम बरी मिळाली हे खरं. रहाणे कॅप्टन, मुलाणी, कोटियन, अवस्थी घडलेले. घडवले कोणी, तर त्याच्या आधीच्यांनी, आणि त्यात मुजुमदारची दोन वर्षं आहेत. ती कुठल्या ट्रॉफीवर कोरलेली नाहीत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुजुमदार भारताच्या महिला टीमचा कोच झाला. 'इंडिया न खेळलेला' म्हणून नाकं मुरडून झाली. २०२५ च्या वर्ल्ड कपमध्ये ओळीने तीन मॅच हरल्यावर टीकेची झोड उठली, मुंबईत फायनल हरणाऱ्यावर उठते तशीच. मग नेरूळला डी. वाय. पाटीलवर सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाने ३३८ केलेल्या. मुजुमदारने ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर एवढंच लिहिलं की त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त करायची आहे. जेमिमाने नाबाद १२७ केल्या, आणि २ नोव्हेंबरला त्याच मैदानावर साउथ आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पोरींनी कप उचलला. रणजीतली ती ३८४ ची टाय त्याआधी तीनेक वर्षांचीसुद्धा जुनी नव्हती.